‘व्यर्थ’ या शब्दाचे राजकारण : चालू युद्ध वाढविण्याच्या समर्थनाची चिकित्सा

१

युद्ध सुरू करणे केव्हा न्याय्य ठरते आणि युद्ध लढताना कोणती बंधने पाळावीत, या दोन प्रश्नांची चर्चा पाश्चात्त्य नीतिविचारात शतकानुशतके होत आली आहे. व्हिएतनाम युद्धाच्या अनुभवातून निघालेला मायकेल वॉल्झर यांचा ‘जस्ट अँड अनजस्ट वॉर्स’ (१९७७) हा ग्रंथही मुख्यतः याच दोन प्रश्नांभोवती फिरतो. या दोहोंच्या मध्ये असलेला तिसरा प्रश्न मात्र दीर्घकाळ उपेक्षित राहिला. परदेशात आधीच सुरू असलेले आणि स्वदेशात नकोसे झालेले युद्ध थांबवावे की वाढवावे, हे ठरविण्याचे निकष कोणते? डॅरेल मोलेनडॉर्फ यांच्या २००८ मधील लेखनानंतर या प्रश्नाला तात्त्विक चर्चेत स्वतंत्र स्थान मिळू लागले. शासनांना तो कधीच नवा नव्हता. त्याचे उत्तर त्यांनी वारंवार दिलेले आहे आणि बहुतेक वेळा ते कथेच्या रूपात दिलेले आहे.

त्यामुळेच हा प्रश्न साहित्यसमीक्षेच्याही कक्षेत येतो. युद्ध वाढविण्याचे समर्थन नागरिकापर्यंत पोचते ते भाषण, निवेदन, श्वेतपत्रिका या संहितांमधून. या संहितांना निवेदक असतो, पात्रे असतात, भूतकाळाची मांडणी असते आणि अद्याप न घडलेला एक शेवट असतो. त्यांतील तर्क तपासताना त्यांची कथनरचना बाजूला ठेवता येत नाही. कारण जेथे तर्क अपुरा पडतो तेथे त्याची जागा कथन घेते, असे या संहितांच्या वाचनातून दिसून येते.

या कृतीला दिलेल्या नावापासूनच हे सुरू होते. इंग्रजीतील ‘एस्कलेशन’ हा शब्द सरकत्या जिन्याच्या, म्हणजे ‘एस्कलेटर’च्या, नावावरून निघाला. हर्मन कान यांनी १९६५ मधील ‘ऑन एस्कलेशन’ या ग्रंथात संघर्षाची ४४ पायऱ्यांची शिडी मांडली होती. शिडी चढणाऱ्याला प्रत्येक पायरीवर स्वतः पाय उचलावा लागतो. सरकत्या जिन्यावर एकदा उभे राहिले की पुरते. शब्दाने सुचविलेली प्रतिमा दुसरी आहे आणि ती कर्त्याला सोयीची आहे. मराठी वृत्तपत्रीय भाषाही याबाबतीत निर्दोष नाही. आपल्याकडे युद्ध ‘पेटते’, ‘भडकते’, ‘चिघळते’. ही सारी अकर्मक क्रियापदे आहेत. आग आणि जखम यांना जशी स्वतःची गती असते, तशी ती युद्धाला बहाल करतात. ‘भडकविले’ हे प्रयोजक रूप सामान्यतः शत्रूसाठी राखून ठेवलेले असते. प्रस्तुत विवेचनात ‘युद्ध वाढविणे’ हे प्रयोजक रूप हेतुतः वापरले आहे. कारण वाढविणारा कोण, हा प्रश्न त्या रूपात शिल्लक राहतो.

२

२८ जुलै १९६५ रोजी व्हाइट हाउसमधील पत्रकार परिषदेत अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी व्हिएतनाममधील अमेरिकी सैन्य ७५ हजारांवरून १ लाख २५ हजारांवर नेण्याची आणि सक्तीच्या सैन्यभरतीचे मासिक प्रमाण १७ हजारांवरून ३५ हजारांपर्यंत वाढविण्याची घोषणा केली. या निवेदनाचा आरंभ आकड्यांनी होत नाही. तो मध्य-पश्चिमेकडील एका स्त्रीने अध्यक्षांना लिहिलेल्या पत्राने होतो. तिचा पती दुसऱ्या महायुद्धात लढला होता. तेव्हा देश युद्धात होता. आता मुलगा व्हिएतनाममध्ये आहे आणि या वेळचे युद्ध तिला समजत नाही. म्हणून ती ‘का?’ असे विचारते.

मीमांसकांच्या परिभाषेत बोलायचे तर निवेदनातील विधी एकच आहे : सैन्य पाठवावे. पत्र हा त्याचा अर्थवाद होय. अर्थवादाचे कार्य विहित गोष्टीची प्रशंसा करून श्रोत्याला तिच्याकडे प्रवृत्त करणे हे आहे. त्याला प्रामाण्य लाभते ते विधीशी असलेल्या एकवाक्यतेमुळे. स्वतंत्रपणे तो काही विहित करू शकत नाही. येथे मात्र विलक्षण अदलाबदल झालेली आढळते. आईचा प्रश्न ही कारणांची मागणी आहे आणि संहितेत आल्यावर ती मागणी अलंकारात रूपांतरित होते. प्रश्न विचारणारी व्यक्तीच समर्थनाची प्रस्तावना बनते.

पत्राचे बारकाईने वाचन केले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्या स्त्रीने दोन युद्धांमध्ये भेद केला होता. पतीचे युद्ध तिला कळले होते आणि मुलाचे कळत नव्हते. तिच्या ‘का’चा सारा भार या भेदावर आहे. अध्यक्षांचे उत्तर हा भेदच पुसून टाकते. हिटलर आणि म्यूनिक यांचे स्मरण करून ते सांगतात की, माघारीने आक्रमकाची भूक वाढते, हा धडा तेव्हाच मिळाला आहे. म्हणजे मुलाचे युद्ध हे पतीच्याच युद्धाचा पुढचा अध्याय आहे. हे युद्ध वेगळे का वाटते, या प्रश्नाला ‘ते वेगळे नाहीच’ असे उत्तर मिळते. आणि ते वेगळे का नाही याचा पुरावा म्हणून म्यूनिकचे साम्य पुढे केले जाते. जे सिद्ध करायचे तेच हेतू म्हणून वापरले जात असल्यामुळे हा साध्यसम हेत्वाभास ठरतो. १९३८ चे चेकोस्लोव्हाकिया आणि १९६५ चे दक्षिण व्हिएतनाम यांच्यात साम्य आहे की नाही, हाच तर वादाचा मुद्दा होता.

याच परिषदेत पुढे, आक्रमक कारवायांसाठी मुख्यतः दक्षिण व्हिएतनामी सैन्यावर विसंबण्याच्या धोरणात यामुळे काही बदल होतो काय, असे विचारण्यात आले. कोणताही बदल होत नाही, असे उत्तर देण्यात आले. त्या वर्षाच्या अखेरीस सैन्य सुमारे १ लाख ८४ हजार झाले आणि एप्रिल १९६९ मध्ये सुमारे ५ लाख ४३ हजार. युद्ध वाढविणाऱ्या संहितेचे हे एक व्यवच्छेदक लक्षण मानता येईल : ती आपल्या कृतीला आरंभ म्हणवून घेत नाही. आरंभाला कारण द्यावे लागते. सातत्याला ते द्यावे लागत नाही. काँग्रेसची संमतीही आधीच्या प्रकरणात मिळून गेलेली होती. ७ ऑगस्ट १९६४ चा टोंकिन आखात ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ० आणि सेनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत झाला होता. त्याला निमित्त झालेल्या दोन कथित हल्ल्यांपैकी ४ ऑगस्टचा हल्ला घडलाच नव्हता, हे राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या इतिहासकाराचे संशोधन २००५ मध्ये खुले झाल्यावर अधिकृत कागदपत्रांतूनच स्पष्ट झाले.

३

जॉन्सन यांच्या समर्थनातील सर्वांत वजनदार मुद्दा वचनाचा आहे. ११ वर्षांत तीन अध्यक्षांनी या छोट्या राष्ट्राला साहाय्याचे वचन दिले असून ते मोडता येणार नाही, असे ते म्हणतात. वचनपालन हे खरे नैतिक मूल्य असल्यामुळे हा मुद्दा सहज झटकून टाकता येत नाही. परंतु वचन म्हटले की ते कोणी, कोणाला, कोणत्या अटींवर दिले, हे पाहणे अपरिहार्य ठरते.

ऑक्टोबर १९५४ मध्ये आयझेनहॉवर यांनी न्गो दिन्ह दिएम यांना पाठविलेल्या पत्रात साहाय्याचे आश्वासन होते, आणि ते आवश्यक सुधारणांच्या अपेक्षेशी बांधलेले होते. ज्यांना ते पत्र गेले ते दिएम नोव्हेंबर १९६३ मध्ये त्यांच्याच सेनापतींच्या उठावात मारले गेले. त्या उठावाला विरोध करणार नसल्याचे संकेत वॉशिंग्टनने आधीच दिले होते. १९६५ च्या जूनपर्यंत तेथील सत्ता थिऊ आणि की यांच्या लष्करी राजवटीकडे आली होती. वचन एखाद्या राजवटीला नसून जनतेला होते, असे म्हणावे, तर त्या जनतेचा कौल घेण्यासाठी जिनिव्हा परिषदेने अपेक्षिलेली १९५६ ची निवडणूक झालीच नव्हती. दिएम यांच्या नकाराला अमेरिकेचा पाठिंबा होता. जिनिव्हा करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. या आयोगाच्या १९६२ च्या विशेष अहवालाने उत्तरेच्या विध्वंसक कारवायांवर बोट ठेवले होते, तसेच दक्षिणेने अमेरिकेशी प्रस्थापित केलेल्या लष्करी संबंधांवरही ठेवले होते. वचनाच्या कथेत या दुसऱ्या बाजूला जागा मिळाली नाही.

न्यायसूत्रांतील पाच हेत्वाभासांपैकी एक ‘कालातीत’ हा आहे. त्याच्या नेमक्या अर्थाविषयी परंपरेत मतभेद असले, तरी ज्याची वेळ टळून गेली असा हेतू पुढे करणे, हा त्याचा ढोबळ आशय येथे उपयोगी पडतो. वचन घेणारा उरला नाही, त्याच्या अटी पुऱ्या झाल्या नाहीत, आणि तरीही वचन देणारा त्या वचनाने स्वतःला बांधून घेत राहतो. मग ते बंधन कोणाप्रती आहे?

याचे उत्तर अंतर्गत टिपणांत सापडते. २४ मार्च १९६५ रोजी संरक्षण खात्यातील जॉन मॅकनॉटन यांनी अमेरिकेची उद्दिष्टे टक्केवारीत मांडली : मानहानिकारक पराभव टाळणे ७० टक्के, तो प्रदेश चीनच्या हाती पडू न देणे २० टक्के, आणि दक्षिण व्हिएतनामी लोकांना अधिक चांगले, मुक्त जीवन लाभू देणे १० टक्के. ही टिपणे ‘पेंटागॉन पेपर्स’मधून जून १९७१ पासून जगासमोर आली. मे १९६४ मधील एका ध्वनिमुद्रित संभाषणात तर जॉन्सन स्वतःच, हे लढण्याच्या लायकीचे वाटत नाही आणि यातून बाहेरही पडता येत नाही, अशा आशयाची कबुली देताना ऐकू येतात. जाहीर संहितेत जे सर्वस्व होते ते अंतर्गत संहितेत दशांश होते. हॅना आरेंट यांनी या कागदपत्रांवरील १९७१ च्या निबंधात दाखविले की, प्रतिमा हे धोरणाचे साधन न राहता साध्य बनले होते. वचनभंगाची भीती ही मूलतः स्वतःच्या प्रतिमेविषयीची भीती होती. प्रतिमेलाही राजकारणात मूल्य असते, हे मान्य केले, तरी त्यासाठी दुसऱ्यांचे प्राण मागताना तिचे नाव उघडपणे घ्यावे लागेल.

४

वचनाचा मुद्दा क्षीण झाला की समर्थनाचा भार मृतांवर येऊन पडतो. आतापर्यंत जे गेले त्यांचे बलिदान व्यर्थ जाऊ द्यायचे काय, या प्रश्नापुढे बहुतेक टीकाकार निरुत्तर होतात. गेटिसबर्ग येथील १८६३ च्या लिंकन यांच्या भाषणापासून अमेरिकी वक्तृत्वात हे सूत्र दृढमूल झालेले आहे. मराठीलाही ते परके नाही. आपल्याकडे सैनिक रणात ‘कामी येतो’. म्हणजे त्याच्या मरणाचा काही उपयोग झाला, हे त्या मरणाच्या नावातच गृहीत धरलेले असते. ‘हुतात्मा’ या शब्दात आहुती आहे. आहुतीला अग्नी लागतो आणि ती देणारा हातही लागतो; रूढ वापरात मात्र तो हात दिसत नाही.

‘व्यर्थ’ या शब्दाची फोड ‘वि’ आणि ‘अर्थ’ अशी होते. ‘अर्थ’ या पदात दोन संकल्पना एकत्र नांदतात : आशय आणि प्रयोजन. बलिदानाच्या युक्तिवादाचे सामर्थ्य या दोहोंच्या सरमिसळीत आहे. सैनिकाच्या मरणाला आशय असतो. त्याचे धैर्य, सोबत्यांविषयीची निष्ठा, घरच्यांचे दुःख यांनी तो घडतो, आणि युद्धाच्या निकालावर तो अवलंबून नसतो. प्रयोजन असते ते युद्ध चालविण्याच्या निर्णयाला, आणि निर्णय चुकला तर ते निष्फळ ठरते. शासन म्हणते, प्रयोजन सोडले तर आशय नष्ट होईल. हा कथनाचा नियम आहे. कथेतील मधल्या घटनेला शेवटामुळे अर्थ येतो, हे कथनमीमांसेने पुरेसे दाखविले आहे. पण माणसाचे मरण ही कथेतील मधली घटना नव्हे. शेवट अनुकूल करून तिला पश्चात् सार्थ करावे लागेल, अशी ती उणी नसते.

या युक्तिवादात आणखी एक दोष आहे : अनवस्था. २२ ऑगस्ट २००५ रोजी सॉल्ट लेक सिटी येथे माजी सैनिकांपुढे बोलताना अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी इराकमध्ये मृत्यू पावलेल्या १,८६४ सैनिकांचा उल्लेख केला आणि ज्या कार्यासाठी त्यांनी प्राण दिले ते पुरे करणे हे आपण त्यांचे देणे लागतो, असे सांगितले. २००६ च्या अखेरीस हा आकडा ३ हजारांवर गेला. २०११ मध्ये सैन्य परतले तेव्हा तो ४,४०० हून अधिक होता. १,८६४ जणांचे देणे फेडण्यासाठी पाठविलेल्यांतून नवे मृत निर्माण होतात. मग त्यांचेही देणे लागू होते. कर्ज फेडण्याच्या प्रत्येक हप्त्याने कर्ज वाढावे, असा हा हिशेब आहे. ही मालिका कोठे थांबावी याचे कोणतेही तत्त्व या युक्तिवादात अंतर्भूत नाही. युद्ध जितके अपयशी आणि जितके प्राणघातक, तितका तो अधिक बळकट होत जातो. ज्या समर्थनाला अपयशाने बळ मिळते, ते कोणत्याही वाईट निर्णयाला उपलब्ध असते. म्हणून चांगला आणि वाईट निर्णय यांत भेद करण्याच्या कामी ते निरुपयोगी ठरते.

जॉर्ज बॉल यांनी हे १९६५ मध्येच ओळखले होते. परराष्ट्र खात्यात वरिष्ठ पदावर असताना त्यांनी १ जुलै १९६५ च्या टिपणात बजावले की, एकदा मोठी मनुष्यहानी झाली की जवळजवळ न परतवता येणारी प्रक्रिया सुरू होईल, आणि राष्ट्रीय मानहानीशिवाय मध्येच थांबणे अशक्य होऊन बसेल. घोषणेपूर्वी चार आठवडे हे टिपण वरिष्ठांपर्यंत पोचले होते. २२ एप्रिल १९७१ रोजी सेनेटच्या परराष्ट्र समितीपुढे साक्ष देताना युद्धावरून परतलेल्या जॉन केरी यांनी तोच प्रश्न उलट्या टोकाने विचारला : एखाद्या चुकीपायी मरणारा शेवटचा माणूस हो, असे कोणाला कसे सांगायचे? शासनाची नजर पहिल्या मृताकडे होती, केरी यांची शेवटच्या मृताकडे. निर्णयाच्या क्षणी पहिल्यासाठी काही करणे शक्य नसते. शेवटचा अजून जिवंत असतो.

वॉशिंग्टनमधील १९८२ चे माया लिन यांनी रचलेले व्हिएतनाम स्मारक या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्यावर ५८ हजारांहून अधिक नावे कालक्रमाने कोरलेली आहेत आणि विजयाचा अथवा कार्यपूर्तीचा दावा कोठेही नाही. तरीही तेथे येणाऱ्याला ही मरणे निरर्थक वाटत नाहीत. स्मरणाला शेवट अनुकूल असण्याची गरज नसते, हे त्या भिंतीने दाखवून दिले. तिच्यावर कोण नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. व्हिएतनामच्या शासनाने १९९५ मध्ये जाहीर केलेल्या आकडेवारीनुसार सुमारे २० लाख नागरिक आणि ११ लाख लढवय्ये या युद्धात मृत्युमुखी पडले. बलिदानाच्या युक्तिवादात ‘आपले’ मृतच मोजले जातात. ज्यांच्या भूमीवर युद्ध वाढवायचे त्यांचे प्राण त्या हिशेबात कोठेच येत नाहीत.

५

या विवेचनावर दोन गंभीर आक्षेप संभवतात. पहिला असा की, माघारीचीही किंमत असते आणि ती विश्वास ठेवणाऱ्यांना मोजावी लागते. एप्रिल १९७५ नंतर दक्षिण व्हिएतनाममधील असंख्य माणसे पुनर्शिक्षणाच्या नावाने चालविलेल्या छावण्यांत डांबली गेली, लाखो लोक होड्यांतून देश सोडून गेले आणि त्यांतील अनेक समुद्रातच संपले. हा आक्षेप खरा आहे. मात्र तो मृतांविषयीचा अथवा प्रतिमेविषयीचा मुद्दा नाही. तो जिवंत माणसांविषयीचा आणि पुढील काळाविषयीचा मुद्दा आहे. त्याला उत्तर देता येते, त्याची पडताळणी करता येते : अधिक सैन्याने या माणसांचे रक्षण होईल काय, की आश्रय, सुरक्षित स्थलांतर आणि वाटाघाटी यांनी अधिक होईल? हा प्रश्न बलिदानाच्या घोषात बुडून जातो, ही त्या घोषाची आणखी एक हानी होय.

दुसरा आक्षेप यशाचा. १० जानेवारी २००७ रोजी, नोव्हेंबरच्या निवडणुकीत मतदारांनी नापसंती दर्शविल्यानंतरही, बुश यांनी इराकमध्ये २० हजारांहून अधिक सैन्य पाठविण्याची घोषणा केली. आणि २००८ पर्यंत तेथील हिंसाचार लक्षणीय प्रमाणात घटला. मग युद्ध वाढविणे योग्य ठरले नाही काय? या घटीमागे २००६ मध्येच सुरू झालेली अन्बारमधील सुन्नी टोळ्यांची फेरजुळणी, ऑगस्ट २००७ मध्ये मुक्तदा अल्-सद्र यांनी जाहीर केलेली शस्त्रसंधी आणि पंथीय स्थलांतराने आधीच विभागली गेलेली बगदादमधील वस्ती यांचाही वाटा होता; कोणाचा किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. ज्या राजकीय समेटासाठी हा अवधी मिळवायचा होता तो टिकाऊ झाला नाही, आणि २०१४ मध्ये मोसुल इस्लामिक स्टेटच्या ताब्यात गेले. पण हे सारे बाजूला ठेवून निखळ यश गृहीत धरले, तरी अनुकूल परिणाम आधी दिलेल्या कारणांना पश्चात् वैध करीत नाही. जुगारात जिंकलेल्याचा निर्णय शहाणपणाचा होता, असे केवळ जिंकण्यावरून सिद्ध होत नाही.

२००७ च्या भाषणाविषयी एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे होईल. जेथे चुका झाल्या असतील तेथे जबाबदारी आपली, असे बुश त्यात म्हणतात. चुका मात्र कर्तृपदावाचून ‘होतात’, आणि जबाबदारीच्या स्वीकारानंतर लगेच अधिक साधनांची मागणी येते. येथे कबुलीच पुढच्या पायरीचे तिकीट ठरते.

६

युद्ध वाढविण्याचा प्रत्येक निर्णय हा नव्या युद्धाचा आरंभ मानावा, हा यातून निघणारा नैतिक निकष आहे. तेवढीच कारणे, तेवढाच पुरावा, तेवढीच लोकसंमती त्याला लागावी. झालेली हानी ही माहिती म्हणून विचारात घ्यावी, हेतू म्हणून नव्हे : आजवरच्या प्रयत्नांनी काय साधले नाही, हे ती सांगते; पुढे जाण्याचे बंधन ती घालीत नाही. आणि ज्यांच्या भूमीवर हे घडणार त्यांचे प्राण त्याच मापाने मोजले जावेत.

हा निकष टाळण्याचे मार्ग भाषेतूनच जातात. ३० एप्रिल १९७० रोजी दूरचित्रवाणीवर नकाशा दाखवीत अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी कंबोडियात सैन्य पाठविल्याची घोषणा केली, तेव्हा हे आक्रमण नाही, असे त्यांनी आवर्जून सांगितले. दहाच दिवसांपूर्वी दीड लाख सैनिक परत आणण्याचे जाहीर झाले होते. ती माघार सुरक्षित व्हावी म्हणून युद्धाची सीमा ओलांडायची होती. तटस्थ देशाच्या भूमीचा मान राखून पाच वर्षे त्या तळांविरुद्ध पाऊल उचलले गेले नाही, असेही त्यांनी सांगितले. प्रत्यक्षात १८ मार्च १९६९ पासून त्या भूमीवर अमेरिकी बाँबफेक गुप्तपणे चालू होती. ४ मे १९७० रोजी केंट स्टेट विद्यापीठात, या घोषणेविरुद्धच्या निदर्शनांच्या वेळी, नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मरण पावले.

अशा संहितांचे वाचन हे समीक्षेचे दुय्यम अथवा फावल्या वेळचे काम नव्हे. क्रियापद अकर्मक का झाले, कर्तृपद कोठे गेले, दृष्टान्त हेतूच्या जागी कसा आला, ‘अर्थ’ या शब्दातील कोणता अर्थ कोणत्या क्षणी बदलला, हे विचारण्याची साधने या शास्त्राने शतकानुशतके घडविली आहेत. मध्य-पश्चिमेकडील त्या स्त्रीजवळ ती नव्हती. प्रश्न तिने अचूक विचारला होता, आणि सैन्य वाढविण्याच्या निवेदनाचा पहिला परिच्छेद म्हणून तो वापरला गेला.